गळ्यातली गाठ, टीबी आणि पेशींचं 'फॉरवर्ड': अँटिजेन प्रेझेंटेशन म्हणजे काय?

रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. खाली एकच ओळ: "दादा, हे काय आहे? आईला सांगू नकोस."

पाठवणारी माझी आतेबहीण. वय २२, राहायला घाटकोपरला असल्फ्यात, नोकरी चकाल्याला, रोजचं मेट्रोने जाणं-येणं. गळ्याच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, तिला एक गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर तिने लक्षच दिलं नाही. मग एका खासगी दवाखान्यात अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गाठ होती तिथेच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून नमुना काढला आणि लॅबला पाठवला. त्याचा हा रिपोर्ट. शेवटच्या ओळीत लिहिलेलं: ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस, केसिएशनसह.

तिने अर्थातच आधी गुगल केलं होतं, आणि कुठल्यातरी लिंकवर कॅन्सर हा शब्द वाचून थिजली होती.

कॅन्सर नव्हता. गाठीचा टीबी होता. पुढे पालिकेच्या दवाखान्यातून सीबीनॅट नावाची तपासणी झाली. तिच्यात टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल हेही त्याच रिपोर्टमध्ये कळलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, सरकारी कार्यक्रमातून, फुकट. आत्याला सांगावं लागलंच, कारण पालिकेच्या आरोग्यसेविका घरी येऊन घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात. आत्याने आधी ताट वेगळं करायला घेतलं. (गरज नव्हती. टीबी ताट-वाटीने पसरत नाही, आणि फक्त गाठीत असलेला टीबी तर खोकल्यातूनही पसरत नाही. तिच्या छातीचा एक्स-रे साफ होता.)

पण तिचे प्रश्न संपेनात. खोकला नाही तर टीबी कसा? फुप्फुसं सोडून गळ्यातच का? लहानपणी लस दिली होती, दंडावर खूण आहे, मग ती लस कुठे गेली? मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, डॉक्टर नाही. तरी दोन-तीन आठवडे मिळेल ते वाचत बसलो आणि लक्षात आलं, की तिच्या जवळपास सगळ्या प्रश्नांची उत्तरं शरीरातल्या एकाच कामाशी येऊन थांबतात. त्या कामाचं नाव अँटिजेन प्रेझेंटेशन. नाव कंटाळवाणं आहे. काम अजिबात नाही.

वॉचमनची फळी

पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. त्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट असे शब्द आणि पुढे टक्के असतात. आपण फक्त प्लेटलेट बघतो आणि बंद करतो. पुढच्या वेळी न्यूट्रोफिलही बघा. पांढऱ्या पेशींपैकी साधारण निम्म्याहून जास्त त्याच असतात. त्या आणि मोनोसाइट मिळून आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीचा मोठा भाग बनतो. जन्मजात म्हणजे शिकवावी न लागणारी. त्वचा, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल, ताप, सूज हे सगळं याच खात्यातलं.

ही फळी सोसायटीच्या वॉचमनसारखी आहे. वॉचमनला चोराचं नाव, पत्ता, आधार नंबर माहीत नसतो. पण रात्री दोन वाजता कोणी भिंतीवरून उडी मारली, तर हा पाहुणा नाही एवढं त्याला कळतं. आपल्या पेशींवर अशीच ओळखयंत्रं असतात. जंतूंमध्ये असतात पण माणसाच्या पेशींत नसतात अशा ठराविक गोष्टी ती पकडतात. त्यातली एक मोठी जमात म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर. 'टोल' हा जर्मन शब्द, अर्थ साधारण 'भारीच!'. फळमाशीवर काम करताना सापडलेल्या एका जनुकाला हे नाव पडलं. पुढे १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की हेच जनुक माशीला बुरशीपासून वाचवतं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात त्याचा भाऊबंद सापडला, जो जीवाणूंच्या आवरणातला एक पदार्थ ओळखत होता. २०११ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं, आणि तिसऱ्या एका माणसाला. त्याच्याकडे आपण येणारच आहोत.

जंतू गिळणाऱ्या पेशींचा शोध मात्र बराच जुना. १८८२ मध्ये इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा खुपसून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली पाहिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २४ मार्चला, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे चोर आणि वॉचमन एकाच वर्षी जगासमोर आले. आणि मुंबईकरांसाठी आणखी एक धागा: ओडेसाला मेचनिकोव्हच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे वाल्देमार हाफकिन. प्लेगच्या साथीत मुंबईत आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेणारे. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

गिळलं, पण पचलं नाही

आता टीबीचा जंतू. कोणीतरी खोकतं, हवेत बारीक थेंब राहतात, आपण ते श्वासातून घेतो. जंतू फुप्फुसातल्या अगदी टोकाच्या हवेच्या पिशवीत पोचतो. तिथे वॉचमन असतोच: मॅक्रोफेज. नावाचा अर्थ 'मोठा खाणारा'. तो जंतूला गिळतो. आत गिळलेल्या वस्तूभोवती एक पिशवी तयार होते, मग आम्ल आणि पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते, आणि जंतू विरघळतो. निदान बाकीच्या बहुतेक जंतूंच्या बाबतीत असंच होतं.

टीबीचा जंतू या दोन पिशव्यांना एकत्रच येऊ देत नाही. पोलिसांनी चोराला पकडून व्हॅनमध्ये बसवावं आणि चोराने व्हॅनमध्येच संसार थाटावा, तसं. आम्ल येत नाही, खायला मिळतं, बाहेरचं कोणी बघत नाही. जंतू अगदी सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास एक दिवस लागतो. आपल्या पोटातला ई. कोलाय हाच हिशोब चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत उरकतो.

म्हणजे पहिली फळी चुकली नाही. तिने ओळखलं, पकडलं, गिळलं. मारता मात्र आलं नाही. मारायला वरून ऑर्डर लागते. ती ऑर्डर देणाऱ्या टी-सेल बसलेल्या असतात भलतीकडेच, आणि त्यांना या चोरीची खबरच नसते.

पुरावा घेऊन जाणारी पेशी

टी-सेल या दुसऱ्या फळीच्या, म्हणजे शिकणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या. त्यांची सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे त्यांना जंतू दिसतच नाही. समोर आख्खा जंतू आणून ठेवला तरी उपयोग नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्या एकच फाईल फॉरमॅट वाचतात. जंतूच्या प्रोटीनचा छोटासा तुकडा, आणि तोही आपल्याच पेशीने एका खास चौकटीत बसवून दाखवलेला. हा तुकडा म्हणजे अँटिजेन, मराठी पुस्तकांत प्रतिजन. चौकटीचं नाव एमएचसी. आणि चौकटीत बसवून दाखवण्याचं काम म्हणजे अँटिजेन प्रेझेंटेशन.

चौकटी दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारची आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असते (तांबड्या पेशी सोडून) आणि पेशीच्या आत सध्या काय शिजतंय त्याचे नमुने सतत दाराबाहेर टांगते. व्हायरस आत शिरून आपली प्रोटीन बनवायला लागला, की त्याचेही तुकडे आपोआप दाराबाहेर येतात आणि पेशी पकडली जाते. दुसऱ्या प्रकारची चौकट मोजक्याच पेशींकडे असते. बाहेरून काय गिळलं ते त्या तिच्यात दाखवतात. टीबीच्या गोष्टीत ही दुसरी चौकट जास्त महत्त्वाची.

या मोजक्या पेशींमधली सगळ्यात तरबेज पेशी म्हणजे डेंड्रिटिक सेल. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरलेली, म्हणून ते नाव. ती त्वचेखाली, नाक-घशात, फुप्फुसात, आतड्यात बसलेली असते आणि आजूबाजूचं थोडं थोडं चाखत राहते. चाखलेल्यात जंतूची खूण लागली, टोलसारखं यंत्र वाजलं, की तिचा स्वभावच बदलतो. चाखणं थांबवते, जागा सोडते, लसिकेच्या बारीक नळ्यांतून प्रवास करत जवळच्या लसिका ग्रंथीत पोचते. तिथपर्यंत जाताना गिळलेल्याचे तुकडे करून चौकटींत लावून झालेले असतात. घटनास्थळी काढलेला फोटो ग्रुपवर फॉरवर्ड करायला ती स्वतःच चालत जाते म्हणा.

लसिका ग्रंथी म्हणजे गळा, काख, जांघ इथल्या त्या छोट्या गाठी. पायाला जखम झाली की जांघेत सुजून येतं आणि आजी म्हणते, "अवधाण आलंय." ते अवधाण म्हणजे ही बैठक भरल्याची खूण.

बैठकीची गरज का? कारण आकडे तसे आहेत. इथे अँटिव्हायरसचं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण ते बसत नाही. अँटिव्हायरसला कंपनी नव्या व्हायरसची ओळख अपडेटमधून पाठवते. शरीराला कोणी अपडेट पाठवत नाही. शरीर जन्माआधीपासूनच टी-सेल तयार करताना प्रत्येकीचं ओळखयंत्र जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून जवळजवळ यादृच्छिक बनवतं. कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या, कुलूप अजून आलेलंच नाही. त्यातल्या ज्या किल्ल्या आपल्याच शरीराला लागतात, त्यातल्या बहुतेक छातीतल्या थायमस ग्रंथीत मोडून टाकल्या जातात. उरलेल्यांपैकी एखाद्या ठराविक तुकड्याला बसणारी टी-सेल लाखात किंवा दहा लाखांत एखादी. तिने अख्ख्या शरीरभर फिरून जंतू शोधायचा म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून सगळ्या टी-सेल ग्रंथींमध्ये आळीपाळीने हजेरी लावतात, साधारण एखादा दिवस थांबतात, पुढे जातात. आणि पुरावा तिथे आणून ठेवला जातो. दादर स्टेशनवर उभं राहिलं की कधी ना कधी सगळी मुंबई समोरून जाते, तसंच हे.

डेंड्रिटिक सेल शोधली १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी, उंदराच्या प्लीहेत. बरीच वर्षं लोकांना ही वेगळी पेशी आहे हेच पटत नव्हतं. २०११ च्या नोबेलमधला तिसरा माणूस म्हणजे स्टाइनमन. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता आणि स्वतःच्याच शोधावर आधारलेले उपचार ते स्वतःवर करून बघत होते. ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं. ते ३० सप्टेंबरलाच गेले होते, समितीला ते माहीत नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी त्यांचं पारितोषिक कायम ठेवलं गेलं.

फक्त पिन पुरत नाही, ओटीपीही लागतो

किल्ली कुलपात बसली म्हणून टी-सेल लगेच कामाला लागत नाही. तिला दुसरी खूण लागते. डेंड्रिटिक सेलच्या अंगावर, धोका जाणवला असेल तरच, काही जास्तीची प्रोटीन उगवतात. तुकडा जुळला आणि ही प्रोटीनही दिसली, तर टी-सेल जागी होते आणि वाढायला लागते. तुकडा जुळला पण दुसरी खूण नाही, तर ती उलट गप्प बसायला शिकते.

हे टू-फॅक्टर लॉगिन मला फार आवडलं, कारण त्यामागचं कारण अगदी बँकेसारखंच आहे. डेंड्रिटिक सेल दिवसभर आपल्याच मेलेल्या पेशींचे तुकडेही चाखत असते. फक्त तुकड्यावर हल्ला सुरू झाला असता तर आपण स्वतःलाच खाल्लं असतं. हल्ल्याची परवानगी कधी, तर जन्मजात फळीने 'इथे खरंच गडबड आहे' असं म्हटलं तर. चार्ल्स जेनवे यांनी हा विचार १९८९ मध्ये मांडला, तेव्हा टोलचं प्रतिकारशक्तीतलं काम कळायचं होतं. पण प्रयोगशाळेत त्याचा पुरावा कित्येक वर्षं बाटलीत पडून होता. नुसतं शुद्ध प्रोटीन प्राण्याला टोचलं तर प्रतिकारशक्ती ढिम्म हलायची नाही. ज्यूल्स फ्रॉइंड यांचं मिश्रण सोबत दिलं की खडबडून जागी. त्या मिश्रणात काय होतं? तेल, आणि मेलेले टीबीचे जंतू.

म्हणजे मेलेला टीबीचा जंतू प्रतिकारशक्तीला इतका जोरात ओरडून उठवतो, आणि जिवंत जंतू त्याच शरीरात चोरपावलांनी राहतो. हे कसं?

उशीर

उत्तर आहे उशिरात. फ्लूसारख्या संसर्गात पुरावा दोन-तीन दिवसांत ग्रंथीत पोचतो. टीबीत, उंदरांवरच्या प्रयोगांत, फुप्फुसाजवळच्या ग्रंथीत टी-सेल जाग्या व्हायलाच आठ-दहा दिवस लागतात. माणसात टी-सेलची प्रतिक्रिया तपासणीत दिसायला साधारण दोन ते आठ आठवडे जातात. जंतू मॅक्रोफेजमध्ये लपतो, तुकडे चौकटीत लागण्याच्या कामात अडथळे आणतो, मॅक्रोफेजला मरूही देत नाही. ग्रुपवर फोटो पडेपर्यंत चोराने तिसऱ्या मजल्यावर भाड्याने खोली घेतलेली असते.

आणि शेवटी पुरावा पोचतो तेव्हा एक अजून घोटाळा. डेंड्रिटिक सेल नुसते तुकडे नेत नाही, कधी कधी आख्खा जिवंत जंतू पोटात घेऊन ग्रंथीत शिरते. उंदरांतल्या प्रयोगांत तर असं दिसलं, की जिवंत जंतू ग्रंथीत पोचल्यावरच टी-सेल जाग्या होतात. फॉरवर्डबरोबर मालवेअरही आला.

बहिणीच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर मला इथे मिळालं. जंतू श्वासावाटे आत गेला असेल, फुप्फुसात एक्स-रेला दिसेल एवढंही काही न करता लसिकेच्या वाटेने पुढे गेला असेल, आणि गळ्यातल्या गाठीत घर केलं. जिथे त्याच्याविरुद्ध बैठक भरते, तिथेच. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत गाठींचा टीबी सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे, आणि तरुण मुलींमध्ये बराच. आपल्याकडे त्याला जुना शब्दही आहे: गंडमाळा. एकाशेजारी एक गाठी, माळेसारख्या.

रिपोर्टमधले दोन शब्द

ग्रंथीत जाग्या झालेल्या टी-सेल हजारोंनी वाढून संसर्गाच्या जागी परत येतात. तिथे त्या मॅक्रोफेजला इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक निरोप देतात. हीच ती वरून येणारी ऑर्डर. ती मिळाली की मॅक्रोफेजच्या अंगात बळ येतं, अडकलेल्या दोन पिशव्या एकत्र येतात, आणि बऱ्याच जंतूंचा खरंच निकाल लागतो. उलट्या बाजूनेही निरोप जातो: मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक सेल आयएल-१२ सोडतात, त्याने टी-सेलला जोर येतो. या साखळीतलं एखादं जनुक जन्मतःच बिघडलेलं असलं, तर त्या बाळाला बीसीजीच्या लसीतला दुबळा जंतूही आजारी पाडू शकतो. असे दुर्मिळ दोष तपासणारी एक राष्ट्रीय संस्था परळला केईएमच्या आवारातच आहे, राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था.

जे जंतू मरत नाहीत त्यांना शरीर घेराव घालतं. मध्ये जंतू असलेल्या मॅक्रोफेज, भोवती आणखी मॅक्रोफेज, बाहेर टी-सेलचं कडं. या गोळ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आतला भाग मरून ठिसूळ चीजसारखा होतो, ते केसिएशन. पीडीएफमधल्या ज्या ओळीने ती रात्रभर झोपली नाही, ती ओळ म्हणजे तिच्या शरीराने लढून काढलेली सीमारेषा होती.

हा घेराव कायम टिकावा लागतो. जंतू शिरलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा आजार होतो, बाकीच्यांचा घेराव टिकतो. एचआयव्हीने टी-सेल कमी झाल्या, साखर अनियंत्रित राहिली, पोटभर खायला नसलं, की कडं ढिलं पडतं. संधिवातासाठी टीएनएफ हा निरोप अडवणारी औषधं देतात, त्याआधी डॉक्टर लपलेल्या टीबीची तपासणी करून घेतात ती याचसाठी. तो निरोप बंद केला की जुना, विसरलेला ग्रॅन्युलोमा फुटू शकतो. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. गच्च भरलेल्या लोकलमध्ये आणि हवा न खेळणाऱ्या खोल्यांमध्ये जंतू कोणाच्या श्वासातून आला ते शोधत बसण्यात अर्थ नाही. आत्याने एक-दोन दिवस मेट्रोला शिव्या दिल्या, मग सोडून दिलं.

आणि दंडावरची खूण? डाव्या दंडावर बाळाला बीसीजी टोचतात, काही आठवड्यांनी तिथे छोटा फोड येतो, फुटतो, खूण राहते. तो फोड म्हणजे वर सांगितलेलं सगळं नाटक चामडीखाली छोट्या प्रमाणात. वॉचमन, पुरावा, बैठक, परत फिरून हल्ला. या लसीने लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून चांगलं संरक्षण मिळतं, म्हणून ती देतात. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीवर मात्र तिचा भरवसा नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत मोठ्यांना फायदा दिसलाच नाही. म्हणजे बहिणीची लस फसली नाही. तिचं काम वेगळं होतं.

दुसऱ्या महिन्यात गाठ वाढली

खरी घबराट नंतर झाली. गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. वजन वाढलं, थकवा गेला, लघवीच्या लाल रंगाची (रिफाम्पिसिनमुळे होतो, घाबरायचं नसतं) सवय झाली. आणि एका सकाळी गाठ आधीपेक्षा मोठी, शेजारी दुसरी. तिचा फोन आला, "दादा, गोळ्या लागू पडत नाहीयेत. मी बंद करते. ऑफिसातली एकजण म्हणते आयुर्वेदिक करून बघ."

मी तेव्हा ही सगळी साखळी नुकतीच वाचली होती, म्हणून एवढंच म्हणालो की बंद करू नकोस, आज दवाखान्यात जा. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, पहिला सीबीनॅटचा रिपोर्ट पुन्हा पाहिला, गोळ्या चुकल्या नाहीत ना ते विचारलं, पुन्हा नमुना घेतला. औषधाला न जुमानणारा जंतू असू शकतो, ती शंका आधी दूर करावी लागते. ती दूर झाल्यावर त्यांनी सांगितलं, की गाठींच्या टीबीत काही जणांना असं होतं. जंतू मरतात, त्यांचे तुकडे सुटतात, आधी दबलेली प्रतिकारशक्ती शुद्धीवर येते आणि एकदम आवाज चढवते. मेलेले टीबीचे जंतू प्रतिकारशक्तीला किती जोरात उठवतात ते फ्रॉइंड यांच्या बाटलीत आपण पाहिलंच. ग्रंथीत बैठक पुन्हा भरते आणि गाठ सुजते. औषध चालत असताना.

याच टप्प्यावर बरेच जण गोळ्या सोडतात, आणि उलट टोकाचे लोकही याच सुमारास सोडतात, ज्यांना एकदम बरं वाटायला लागतं. दोन्हीकडे ग्रॅन्युलोमाच्या आत सुस्त पडलेले जंतू तसेच राहतात. ते सावकाश वाढतात म्हणूनच औषध सहा महिने लागतं, पाच दिवस नाही. अर्धवट मारलेल्यांतून औषधाला दाद न देणारे वर येतात, आणि मुंबईत अशा टीबीचा अनुभव पुरेसा आहे. २०१२ मध्ये हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळपास कुठलंच औषध न चालणाऱ्या टीबीच्या रुग्णांबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली होती.

तिने गोळ्या चालू ठेवल्या. निक्षय योजनेतून दर महिन्याचे १००० रुपये खात्यात येत, त्याची अंडी आणि शेंगदाणे, आत्याच्या देखरेखीखाली. चौथ्या महिन्यात गाठी उतरायला लागल्या. आता कोर्स संपलाय, एक गाठ वाटाण्याएवढी शिल्लक आहे, बोटाला कडक लागते. डॉक्टर म्हणाले ती तशीच राहूही शकते, वाढली तर या. बोलता बोलता तिचं बोट अजून अधूनमधून तिथे जातं.